गंगरेलच्या जलाशयावर

सागरसफर म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सिसिली किंवा माल्टा यांचे किनारे उभे राहतात. निळे पाणी, शुभ्र शिडे आणि किनाऱ्यावरच्या लहानशा खाणावळीत पुढ्यात येणारी ताजी मासळी! नवा रायपूरसारख्या नगरीत राहणाऱ्याने ही हौस भागवावी कशी? समुद्र तर येथून शेकडो मैल दूर. परंतु नौकाविहार, निसर्गदर्शन आणि स्थानिक भोजन या तिहींचा योग साधायचा असेल, तर एका रविवारी सहकुटुंब गंगरेलची वाट धरावी.

रायपूरहून धमतरी सुमारे ८० किलोमीटर. तेथून गंगरेल जवळच आहे. सिहाव्याच्या डोंगरात उगम पावणारी महानदी येथे अडविली असून, हे धरण १९७०च्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या स्मरणार्थ जलाशयास ‘रविशंकर सागर’ असे नाव दिले आहे, आणि ते सार्थ वाटते. पावसाळा सरल्यावर नावेत बसावे, तर पैलतीर धूसर होतो, वारा लाटा उठवितो आणि वनाच्छादित टेकड्या पाण्यातून वर आल्यासारख्या भासतात. मुलांना मात्र लाइफ जॅकेट घातल्यावाचून नावेत पाऊल ठेवू देऊ नये.

नाव मध्यावर आली की मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. आपण ज्या पाण्यावरून जात आहोत, त्याखाली एके काळी घरे होती, शेते होती, देवळे होती. बुडालेल्या बावन गावांची आठवण या भागातील लोक आजही काढतात. तेथील अनेक कुटुंबांना हक्काच्या जमिनीसाठी पुढे दीर्घकाळ झगडावे लागले. त्यांची देवी अंगारमोती हीही विस्थापितच. तिचे ठाणे आता जलाशयाच्या काठी आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी तेथे मडई भरते आणि पांगलेली माणसे पुन्हा एकत्र येतात. गाव बुडाले, तरी गावपण बुडाले नाही.

परतीच्या वाटेवर छत्तीसगढी भोजन घ्यावे. तांदळाच्या पिठाचा चीला पाहताच कोकणातील गृहिणी म्हणेल, हे तर आमचे घावन! पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली अंगाकर रोटी पाहून तिला पानगी आठवेल. वाफवलेला फरा, टोमॅटो-मिरचीची झणझणीत चटणी, लाल भाजी आणि वाफाळता भात. साधेच जेवण, पण तृप्त करणारे.

या भाताचा घास घेताना क्षणभर थांबावे. गंगरेलचे पाणी रुद्री येथून कालव्यांत वळते आणि धमतरी-रायपूरकडील भातशेतीला पोहोचते. भिलाईचा पोलाद कारखाना आणि रायपूरचे नळ यांनाही त्याचा आधार आहे. म्हणजे आपल्या ताटातील भात आणि आपल्या घरातील पाणी यांत त्या बावन गावांचा वाटा आहे.

दूरदेशीचे किनारे पाहावेत, त्यांत वावगे काहीच नाही. परंतु ज्यांच्या त्यागावर आपला संसार सुखाने चालतो, त्यांच्या जलाशयावर एकदा तरी जाऊन यावे. काठावर कचरा न टाकणे आणि त्या गावांची आठवण ठेवणे, एवढे तर आपल्याला सहज करता येईल.