कचरा डेपोतून नंबर वनपर्यंत
‘द वॉम्बॅट्स’ नावाच्या हसऱ्या बँडची गोष्ट, आणि ती आजही घडू शकेल का हा प्रश्न

जानेवारी २०२३. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर भारतातलं पहिलं लोलापलूझा भरलं होतं. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत इमॅजिन ड्रॅगन्स आणि द स्ट्रोक्स. त्यांच्या खाली, जरा लहान अक्षरांत, लिव्हरपूलच्या एका बँडचं नाव होतं: द वॉम्बॅट्स. वॉम्बॅट म्हणजे ऑस्ट्रेलियातला गुबगुबीत, बुटका, अस्वलाच्या पिल्लासारखा दिसणारा प्राणी. असं नाव घेणारा बँड स्वतःला फार सिरियसली घेत नसणार, हे ऐकताक्षणी कळतं. समीक्षकांनीही त्यांना कधी फार सिरियसली घेतलं नाही. गंमत म्हणजे त्यांच्या पिढीतले कितीतरी ‘सिरियस’ बँड फुटले, विसरले गेले. हे तिघं मात्र अजून वाजवतायत. २०२५च्या फेब्रुवारीत त्यांचा ‘ओह! द ओशन’ हा अल्बम आला.

हे कसं जमलं? आणि त्याहून महत्त्वाचं, आज वीस वर्षांच्या कुणाला ते जमेल का?

कॉलेजच्या वर्गातून स्टेजवर

मॅथ्यू मर्फी (सगळे त्याला मर्फ म्हणतात), डॅन हॅगिस आणि टॉर्ड ओव्हरलँड क्नुडसेन. पहिले दोघं लिव्हरपूलकडचे, तिसरा नॉर्वेचा. हे भेटले ‘लिपा’मध्ये, म्हणजे लिव्हरपूल इन्स्टिट्यूट फॉर परफॉर्मिंग आर्ट्समध्ये. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी ज्या शाळेत शिकला, त्याच जुन्या इमारतीत त्याच्याच पुढाकारानं १९९६ साली ही संस्था उभी राहिली. २००३ मध्ये या तिघांनी बँड केला. तेव्हापासून आजतागायत माणसं तीच: ना कुणी बाहेर, ना कुणी आत. आपल्या कॉलेजातले बँड फर्स्ट इयरला सुरू होतात आणि थर्ड इयरच्या प्लेसमेंटपर्यंत संपतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याची किंमत कळेल.

पहिला मोठा अल्बम आला २००७ मध्ये. त्यातलं ‘लेट्स डान्स टू जॉय डिव्हिजन’ हे गाणं ब्रिटनच्या इंडी डिस्कोंमध्ये धुमाकूळ घालून गेलं. यातला विनोद समजायला थोडा संदर्भ हवा. जॉय डिव्हिजन हा मँचेस्टरकडचा सत्तरच्या दशकाअखेरचा बँड. अत्यंत उदास, अंधारा. त्यांचा गायक इयन कर्टिस यानं १९८० मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी आत्महत्या केली. अशा बँडच्या गाण्यावर चला नाचूया म्हणणं, हे आपल्याकडे एखाद्या विरहगीतावर गणपतीच्या मिरवणुकीत नाचण्यासारखं. पण त्या गाण्यात चेष्टा जॉय डिव्हिजनची नाही. सगळं बिनसलेलं असतानाही आपण खूश आहोत, या विचित्र भावनेचं ते गाणं आहे. विशीतल्या कुणालाही ही भावना समजावून सांगावी लागत नाही.

हसण्याच्या खाली काय?

‘हलकीफुलकी गाणी’ हा शिक्का वॉम्बॅट्सवर तेव्हाच बसला. पण त्यांची गाणी नीट ऐकली तर सूर उड्या मारत असतो आणि शब्द भलतंच सांगत असतात: फसलेली नाती, पार्टीत आलेला एकटेपणा, चिंता, स्वतःवरचा राग. २०११च्या ‘धिस मॉडर्न ग्लिच’ या अल्बममध्ये तर एक अख्खं गाणं डिप्रेशनवरच्या औषधांबद्दल आहे. मानसिक आरोग्यावर उघड बोलणं आजच्याइतकं सर्रास झालं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

आपल्या तमाशात सोंगाड्याला लोक हसतात, पण वग बऱ्याचदा त्याच्याच खांद्यावर उभा असतो. तो राजाला तोंडावर जे बोलतो ते दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. वॉम्बॅट्सचं काहीसं तसंच झालं. हसवणारा माणूस खोल नसतो, हे समीक्षकांनी धरलेलं गृहीतक त्यांच्या श्रोत्यांनी कधीच मान्य केलं नाही.

‘लँडफिल इंडी’चा शिक्का

२००५ ते २००८ या काळात ब्रिटनमध्ये गिटार बँडचं अक्षरशः पीक आलं होतं. आर्क्टिक मंकीजच्या पहिल्या अल्बमच्या जानेवारी २००६ मध्ये एकाच आठवड्यात साडेतीन लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या आणि प्रत्येक रेकॉर्ड कंपनीला आपला एक तसा बँड हवा झाला. घट्ट जीन्स, कपाळावर केस, ‘द’नं सुरू होणारं नाव, की झालं साइन. २००८ मध्ये अँड्र्यू हॅरिसन या पत्रकारानं या गर्दीला नाव दिलं, ‘लँडफिल इंडी’. साध्या मराठीत, कचरा डेपोत टाकायच्या लायकीचं इंडी. नाव चिकटलं. वॉम्बॅट्सही त्याच ढिगाऱ्यात मोजले गेले.

मग फॅशन बदलली. कंपन्यांनी हात काढून घेतले, रेडिओवर गिटार कमी झाली, बरेच बँड संपले. वॉम्बॅट्सचं वेगळेपण असं की त्यांनी फॅशन परत येण्याची वाट पाहिली नाही. गाण्यांत सिंथेसायझर आणले, चाली जास्त पॉप केल्या आणि मुख्य म्हणजे सतत दौरे करत राहिले. २०१५ मध्ये ‘ग्लिटरबग’, २०१८ मध्ये ‘ब्यूटिफुल पीपल विल रुइन युअर लाइफ’. दोन्ही ब्रिटनमध्ये पहिल्या पाचात. पेपरांत मोठी कव्हर स्टोरी नाही, पण हॉल भरलेले.

नंबर वन, पण कुठला?

खरी कलाटणी आली ती कोविडच्या काळात. ‘ग्लिटरबग’मधल्या ‘ग्रीक ट्रॅजेडी’ या गाण्याचा ऑलिव्हर नेल्सन या स्वीडिश निर्मात्यानं केलेला रिमिक्स टिकटॉकवर व्हायरल झाला. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्येच बंदी आली होती, त्यामुळे ही लाट आपल्याकडे थेट आली नाही. पण अमेरिका-युरोपातल्या ज्या मुलांनी हा बँड कधी ऐकलाच नव्हता, त्यांना पाच वर्षं जुनं गाणं ‘नवीन’ म्हणून मिळालं. त्याच सुमारास मर्फ लॉस एंजेलिसमध्ये, डॅन लंडनमध्ये आणि टॉर्ड ऑस्लोमध्ये अडकलेला. व्हिडिओ कॉलवर बोलून, आपापला भाग घरी रेकॉर्ड करून त्यांनी ‘फिक्स युअरसेल्फ, नॉट द वर्ल्ड’ हा अल्बम बनवला. जानेवारी २०२२ मध्ये तो ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. २००७च्या त्या अल्बमनंतर पंधरा वर्षांनी पहिला नंबर वन!

इथे टाळ्या वाजवून थांबता येईल. पण जरा आकडेवारीकडे बघू. २०१५ पासून ब्रिटनच्या अल्बम यादीत स्ट्रीमिंगही मोजलं जातं. लोक सीडी विकत घेत नाहीत, त्यामुळे आज नंबर वन व्हायला लागणारा आकडा २००६च्या आर्क्टिक मंकीजच्या आकड्याच्या जवळपासही नाही. अशा यादीत ज्या बँडकडे थोडे पण पक्के चाहते आहेत, जे पहिल्याच आठवड्यात व्हिनाइल आणि सीडी विकत घेतात, तो पहिल्या आठवड्यापुरता वर जातो. म्हणजे वॉम्बॅट्सचा नंबर वन खोटा नाही. तो लोकप्रियतेपेक्षा निष्ठेचा पुरावा आहे. आणि ही निष्ठा त्यांनी अल्गोरिदमकडून मिळवलेली नाही. ती मिळवली छोट्या-मोठ्या हॉलमध्ये, रात्रीमागून रात्री घाम गाळून. टिकटॉकनं दार उघडलं, पण आत दाखवायला पंधरा वर्षांची गाणी तयार होती.

शिडीच्या खालच्या पायऱ्या

आता मूळ प्रश्न. आज लिव्हरपूलमध्ये तीन मुलं एकत्र आली तर त्यांना हा रस्ता आहे का?

ब्रिटनमधल्या छोट्या संगीत-जागांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या अहवालानुसार २०२३ या एका वर्षात अशा १२५ जागा बंद पडल्या किंवा तिथलं लाइव्ह संगीत थांबलं. पुढच्या वर्षी, उरलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के तोट्यात होत्या. भाडं, वीजबिल, महागाई अशी कारणं नेहमीचीच. या दोन-तीनशे माणसांच्या खोल्या म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्या. तिथे बँडला वाईट वाजवायची मुभा असते. लोक आपल्या विनोदाला हसतात की नाही, हे कळतं. या पायऱ्याच काढून टाकल्या तर वर पोचणार ते फक्त घरून पैसे आणू शकणारे.

दुसरी गोष्ट सीमेची. टॉर्ड नॉर्वेहून लिव्हरपूलला शिकायला आला तेव्हा त्याला व्हिसाची गरज नव्हती. जानेवारी २०२१ पासून ब्रेक्झिटमुळे अशा विद्यार्थ्याला तो लागतो. ब्रिटिश बँडला युरोपचा दौरा करायचा तर देशोदेशीचे वेगळे नियम, सामानाची कागदपत्रं, सगळा खर्च. मोठ्या बँडचा मॅनेजर हे सांभाळतो. व्हॅनमध्ये झोपणाऱ्या चौघांना ते कसं परवडणार?

आणि वरच्या टोकाला पैसा तर धो धो वाहतोय. ओएसिसच्या पुनर्मीलनाची तिकिटं २०२४ मध्ये विक्रीला आली तेव्हा रांगेत उभं असतानाच सुमारे १५० पौंडांचं तिकीट ३५५ पौंडांवर गेलं आणि देशभर बोंब झाली. संसदेच्या समितीनं स्टेडियम आणि अरीनाच्या तिकिटांवर छोटी पट्टी बसवून ती रक्कम लहान जागांना द्यावी असं सुचवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारनं ऐच्छिक पट्टीला पाठिंबा दिला. कोल्डप्लेनं तर २०२५च्या आपल्या ब्रिटनमधल्या शोंच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा यासाठी देऊ केला.

आणि आपण?

कोल्डप्ले म्हटल्यावर आपल्याला जानेवारी २०२५ मधलं नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम आठवतं, आणि त्याआधीची ती तिकिटांची मारामारी. मोठ्या शोसाठी आपणही आता जगाच्या नकाशावर आहोत, लोलापलूझाही येतोय. पण शिडीच्या खालच्या पायऱ्यांचं काय? धोबी तलावाचं रंगभवन, जिथे एकेकाळी ‘इंडिपेन्डन्स रॉक’मध्ये कॉलेजचे बँड हजारोंसमोर वाजवायचे, ते शांतता क्षेत्राच्या नियमात गप्प झालं. लोअर परळचं ब्लू फ्रॉग २०१६ मध्ये बंद झालं. उरलेल्या कितीतरी ठिकाणी कव्हर साँग्ज वाजवा, जेवणाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, अशी अट असते.

वॉम्बॅट्सच्या गोष्टीतून ‘मेहनत करा, फळ मिळेल’ एवढाच धडा काढला तर तो अर्धवट ठरेल. मेहनत त्यांच्यासारखीच इतर पन्नास बँडनी केली असेल. या तिघांना मिळालं ते वेळ, जागा आणि चुका करायची परवानगी. महालक्ष्मीवर पोचायला त्यांना वीस वर्षं लागली, आणि त्यातली पहिली काही वर्षं कुणीतरी लिव्हरपूलच्या एखाद्या कोंदट खोलीत तिकीट काढून त्यांना ऐकत होतं.

दहा हजारांचं स्टेडियमचं तिकीट काढायला आपण रात्री लॉगिन करून बसतो. पुढच्या वेळी कॉलेजातल्या मित्राच्या बँडचा गिग असेल तेव्हा ‘गेस्ट लिस्टमध्ये नाव टाक ना यार’ असं म्हणण्याऐवजी ते तीनशे रुपये देऊन बघा. वाजवतील कदाचित वाईटच. पण वीस वर्षांनी आपल्याला म्हणता येईल की आम्ही तेव्हा तिथे होतो.