परसातले कोर्ट

दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरलीची रॅकेट कपाटावर गेली. ती आठवीत होती. संध्याकाळी मैदानावर मुलांचे क्रिकेट चाले, मुली कडेला उभ्या राहत आणि हळूहळू येईनाशा झाल्या. कोणी मनाई केली नव्हती, जागाच उरली नव्हती. बऱ्याच घरांत मुलींचा खेळ असाच, कुणी काही न बोलता, संपतो. म्हणून घरामागे नारळ आणि विहीर यांच्या मधल्या तुकड्यावर कोर्ट करायचे आम्ही ठरवले. ते आधी बिघडले आणि मग जमले. परस असलेल्या वाचकांचा खर्च वाचावा म्हणून दोन्ही सांगतो.

बॅडमिंटनचे पूर्ण कोर्ट 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद असते. एकेरीसाठी 17 फूट रुंदी पुरते. शिवाय चारी बाजूंनी तीन-चार फूट मोकळे हवे, नाहीतर मागे सरकणारी मुलगी थेट माडावर आदळते. सिमेंटचा कोबा केला तर गुडघे दुखतात आणि पावसात शेवाळ धरते, म्हणून आम्ही जुन्या टायरांपासून केलेल्या रबरी लाद्या निवडल्या. टायरमधली तार चुंबकाने काढतात, धागा वेगळा करतात, उरलेल्या रबराचा चुरा करतात आणि तो चिकट द्रव्यात कालवून साच्यात गरम दाबतात. अर्धा मीटर चौकोनी लादी घेतली तर कोर्टाला साधारण 330 लागतात. काटछाट धरून 350 मागवा.

विकणाऱ्याने सांगितले, "जमिनीवर नुसत्या मांडा, देखभाल काहीच नाही." आम्ही मांडल्या. आपल्या रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे त्याला ठाऊक नसावे आणि आम्ही विसरलो. श्रावण येईतो खालची माती लोण्यासारखी झाली, लाद्यांच्या कडा घावनासारख्या उचलल्या आणि फटींतून हरळी वर आली. थोरलीने एकदा पाय मुरगळून घेतला. दादी म्हणाल्या, "घर बांधताना पाया खणलात, इथे का नाही?" त्याला उत्तर नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या लाद्या उचलल्या. वीतभर माती काढून टाकली. त्यावर जाड कापड अंथरले, म्हणजे खडी मातीत रुतत नाही आणि गवतही अडते. मग चार-पाच इंच काळी खडी, वर दोन इंच ग्रिट, आणि प्रत्येक थर पाणी मारून धुमुसाने ठोकला. उतार रुंदीच्या बाजूने दिला. 20 फुटांत अडीच इंच पुरतो, खेळताना कळतही नाही. काठाला चिऱ्यांची रांग बसवली, म्हणजे लाद्या बाहेर सरकत नाहीत. या सगळ्याला लाद्यांपेक्षा जास्त दिवस लागले. मजूर दोघे होते, बाकी घरचे.

उतार विहिरीच्या उलट दिशेला हवा, हे मात्र जपून करा. टायरच्या रबरात जस्त असते आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते थोडे थोडे उतरते. ते पाणी विहिरीत किंवा भाजीच्या वाफ्यात जाऊ नये. तसेच सुटा चुरा पसरण्यापेक्षा बांधलेली लादी बरी. सुटा चुरा पायांना, कपड्यांना चिकटून घरात येतो आणि पन्हळीतून ओढ्याला जातो. कृत्रिम गवताच्या मैदानांत भरायचा असा चुरा युरोपीय संघाने 2023 च्या नियमानुसार 8 वर्षांची मुदत देऊन बंद करायचे ठरवले आहे, ते याच कारणाने. रांगणारे मूल घरात असेल तर त्याला लादी चघळू देऊ नका, हे सांगायला नकोच.

आणखी एक. हौसेने अख्खे टायर कुंपणासारखे रचू नका. त्यांत पाणी साचते आणि डासांची पैदास होते. रचायचेच असतील तर खाली भोके पाडा. कुंपणाला आम्ही बंदरावर टाकून दिलेले मासेमारीचे जुने जाळे आणले, धुऊन दोन दिवस उन्हात वाळवले (वास जायला चार लागले!) आणि लोखंडी पाइपांना बांधले. फूल विहिरीत जाणे त्याने थांबले. रस्त्याच्या बाजूला जाळ्यावर जुन्या चादरी शिवल्या, आता मुलींना ओढणी सावरत खेळावे लागत नाही.

"देखभाल नाही" हे खरे नाही, पण कमी आहे. रोज खराट्याने झावळ्या आणि पाने काढायची. पावसाळ्यात आठवड्याला एकदा कडक ब्रशने घासायचे, कारण शेवाळ रबरावरही धरते. रॉकेल किंवा थिनर लावू नका, रबर फुगते. एप्रिल-मेमध्ये दुपारी या लाद्या तव्यासारख्या तापतात, म्हणून खेळ सकाळी आठच्या आत किंवा असरनंतर. बास्केटबॉल यावर नको, चेंडू उसळत नाही. बॅडमिंटनचे फूल जमिनीवर आपटून खेळायचे नसते, त्यामुळे अडत नाही. उघड्यावर वारा असतो, म्हणून पिसांचे फूल ठेवून द्या, नायलॉनचे घ्या.

जाळी मध्यभागी बरोबर 5 फूट आणि खांबांपाशी 5 फूट 1 इंच हवी. आम्ही दादींच्या जुन्या काठीवर खूण केली आहे. शेजारच्या चार मुली येतात, मग थोरली ती काठी घेऊन जाळी तपासते. गेल्या जुम्याला तिची फुफू साडी खोचून उतरली. पहिली सर्व्हिस जाळीत गेली, दुसरी लाद्यांबाहेर. तिसरी आम्ही पाहिली नाही, चहा उतू गेला होता.