वाटणीचा अनुबोधपट

गेल्या हिवाळ्यात न्यू जर्सीला लेकीकडे आमचा तीन महिने मुक्काम होता. तिकडची थंडी ही काय चीज आहे, हे या सदरातून मी पूर्वी सांगितलेच आहे (आणि ‘आता पुरे’ असे दोन वाचक-भगिनींनी पत्राने कळवलेही आहे), म्हणून आज थंडीविषयी एक अक्षर काढत नाही. एवढेच सांगतो, की बाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती, आणि अशा एका रविवारी दुपारी जावईबापूंनी खेळावरचा एक अनुबोधपट लावला.

आमच्या पिढीचा अनुबोधपट म्हणजे थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवीत तो. त्यात धरण असे, नाहीतर कोंबड्या असत, आणि तेवढ्या वेळात बाहेर जाऊन खारे दाणे आणता येत. हे प्रकरण मात्र निराळे निघाले. नाव होते ‘रेक्विएम फॉर द बिग ईस्ट’. २०१४ सालचा, एझ्रा एडलमन या दिग्दर्शकाचा. रेक्विएम म्हणजे ख्रिस्ती लोकांत मृतासाठी म्हणायची प्रार्थना.

“कोण गेलं?” मी विचारले.

“आमची कॉन्फरन्स, नाना,” जावईबापू म्हणाले, आणि ते अशा आवाजात म्हणाले, की तोंडावर आलेला विनोद मी गिळून टाकला. कॉन्फरन्स म्हटल्यावर मला ठराव, आभार आणि अल्पोपाहार यांपलीकडे काही सुचत नव्हते.

तिकडे कॉलेजांचे खेळ ही फार मोठी उलाढाल असते. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्याला खेळाडूंचे मित्र आणि कॉलेजचे दोन शिपाई एवढा प्रेक्षकवर्ग! तिकडे सिरॅक्यूस विद्यापीठाच्या घुमटाखाली बास्केटबॉल पाहायला तीस-तीस हजार माणसे बसलेली आहेत. काही कॉलेजे मिळून एक मंडळ करतात, हंगामभर आपापसांत खेळतात आणि शेवटी स्पर्धा भरवतात. हे मंडळ म्हणजे कॉन्फरन्स. आपल्या एकत्र कुटुंबासारखेच, रुसव्याफुगव्यांसकट.

बिग ईस्ट हे मंडळ १९७९ साली डेव्ह गॅव्हिट या प्रॉव्हिडन्स कॉलेजच्या गृहस्थांनी जमवले. प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स, जॉर्जटाउन, सिरॅक्यूस, सीटन हॉल, कनेक्टिकट आणि बॉस्टन कॉलेज ही पहिली सात. पुढच्या वर्षी व्हिलानोव्हा आले, १९८२ साली पिट्सबर्ग. यांतली बरीचशी कॅथलिक पंथाची, शहरवस्तीतली. पण बास्केटबॉलला लागतात पाच मुले, एक चेंडू आणि डोक्यावर छप्पर. गॅव्हिट यांनी स्थळे निवडली तीही शहरे पाहूनच. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, बॉस्टन, फिलाडेल्फिया. जिथे घरोघर टीव्ही, तिथले कॉलेज हवे. त्याच वर्षी सप्टेंबरात कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टल गावी ईएसपीएन ही निव्वळ खेळ दाखवणारी वाहिनी सुरू झाली. एवढा वेळ दाखवायचे काय, ही तिची विवंचना. आपल्याला पाहणार कोण, ही यांची. पत्रिका जुळली. वाचकांनी ही सोयरीक ध्यानात ठेवावी.

मग जी काही दहा वर्षे आली, त्यांत हा चित्रपट अगदी रमून जातो, आणि आपणही रमतो. जॉर्जटाउनचे शिक्षक जॉन टॉम्सन हे ताडासारखे उंच. १९८४ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय शिक्षक ठरले. त्यांचा खेळाडू पॅट्रिक यूइंग, जमैकात जन्मलेला. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सचे शिक्षक लू कार्नेसेका यांच्या अंगात एक भडक नक्षीचा स्वेटर असे. तो घातला की संघ जिंकतो, अशी श्रद्धा! फेब्रुवारी १९८५ मध्ये हे दोन संघ मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भेटले. पहिल्या क्रमांकावर सेंट जॉन्स, दुसऱ्यावर जॉर्जटाउन. टॉम्सन आले, कोटाची बटणे सोडली, तर आत त्याच नक्षीचा सदरा! सारे सभागृह हसले, स्वतः कार्नेसेका हसले, आणि जॉर्जटाउनने सामना ८५–६९ असा जिंकला. श्रद्धेला विनोदाने उत्तर द्यावे ते असे.

त्याच वर्षी देशातल्या शेवटच्या चार संघांत तीन बिग ईस्टचे होते. अंतिम सामन्यात बलाढ्य जॉर्जटाउनसमोर उभे राहिले व्हिलानोव्हा. त्यांनी २८ वेळा चेंडू टाकला, त्यांतला २२ वेळा तो जाळीत पडला, आणि ते ६६–६४ असे जिंकले. चेंडू किती वेळ हातात ठेवावा याला तोपर्यंत कॉलेजच्या खेळात सगळीकडे बंधन नव्हते. पुढच्या हंगामात घड्याळ आले. सौभाग्यवतींना खेळातले काही कळत नाही, पण शेवटच्या मिनिटाला त्यांच्या हातातले विणकाम थांबले होते.

जावईबापू २००२ साली सिरॅक्यूसला शिकायला गेले, तेव्हा ते हाडाचे क्रिकेटवाले. गावात ओळखीचे कोणी नाही, खोलीवर डाळ-भात, बाहेर गुडघाभर बर्फ. एका सोबत्याने ओढून सामन्याला नेले. “शेजारच्या म्हाताऱ्यानं मला मिठी मारली, नाना. नाव विचारलं नाही. आम्ही जॉर्जटाउनला हरवलं होतं, एवढंच.” २००३ च्या एप्रिलात सिरॅक्यूस देशात पहिले आले. त्या दिवसापासून ते गाव आपले झाले, असे ते म्हणतात.

मग घर फुटले कसे? कारण फुटबॉल, पायाने खेळायचा नव्हे, त्यांचा तो शिरस्त्राणे घालून खेळायचा. टीव्हीचा खरा पैसा त्यात. १९८२ साली पेन स्टेट या फुटबॉलच्या बड्या घराण्याला बिग ईस्टने दार लावले, अवघ्या एका मताने. १९९१ मध्ये चूक सुधारायला मायामी वगैरे फुटबॉलवाले घरात घेतले. तेव्हापासून एका घरात दोन चुली झाल्या. मायामी आणि व्हर्जिनिया टेक २००४ मध्ये शेजारच्या अटलांटिक कोस्ट मंडळात गेले, मागोमाग २००५ मध्ये बॉस्टन कॉलेज. २०११ साली ईएसपीएनने बिग ईस्टपुढे नवा करार ठेवला. वर्षाला सुमारे १३ कोटी डॉलर, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले. यांनी अधिक मिळेल म्हणून नाकारला. त्या सप्टेंबरात १६ तारखेला गॅव्हिट वारले, आणि १८ तारखेला सिरॅक्यूस व पिट्सबर्ग अटलांटिक कोस्टला गेल्याचे जाहीर झाले. कर्त्या माणसाचा तिसरा दिवसही झाला नव्हता! पुढल्या महिन्यात बॉस्टन कॉलेजचे क्रीडाप्रमुख वृत्तपत्राला सांगून बसले, की काय करायचे ते आम्हाला टीव्हीने, म्हणजे ईएसपीएनने सांगितले. लगेच त्यांनी माफीही मागितली.

आणि हा अनुबोधपट काढला कोणी? ईएसपीएननेच. आपल्या तिसाव्या वर्षानिमित्त त्यांनी खेळांवरच्या अनुबोधपटांची जी माळ सुरू केली, तिच्यातला हा एक मणी. सुईण तीच, वाटणीचा कागद घेऊन आलेली तीच, आणि मयताला सर्वांत गोड गळ्याने रडणारीही तीच. चित्रपट वाईट नाही, फार सुंदर आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. स्वेटरला दिला तेवढा निवांत वेळ त्या कराराला मिळाला असता, तर मला अधिक आवडले असते. दिग्दर्शकाच्या अंगात ते बळ नव्हते असे कसे म्हणू? याच गृहस्थांना पुढे ओ. जे. सिम्प्सनवरच्या अनुबोधपटासाठी ऑस्कर मिळाले.

आमचा वाडा पाडून जिथे इमारत उभी राहिली, तिच्या प्रवेशद्वारात बिल्डरने वाड्याचे एक मोठे छायाचित्र लावले आहे. उत्तम फ्रेम केली आहे. आमच्या सौभाग्यवती तिथून जाताना दर वेळी थांबतात, डोळे टिपतात आणि “माणूस रसिक हो,” असे म्हणतात.

मंडळ तसे पुरते मेले नाही. जॉर्जटाउन, सेंट जॉन्स, व्हिलानोव्हा आदी सात कॅथलिक कॉलेजांनी २०१३ साली वेगळे होताना ‘बिग ईस्ट’ हे नाव आणि गार्डनमधली स्पर्धा आपल्या वाट्याला घेतली. भाऊबंदकीत देवघर मिळावे तसे. कनेक्टिकट २०२० मध्ये परत आले. सिरॅक्यूस मात्र गेले ते गेलेच. त्यांच्या अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळात २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया आहेत. म्हणजे पॅसिफिकच्या काठची! मी भूगोलाचा नकाशा मागितला, तो जावईबापूंनी दिला नाही.

जुन्या मंडळाची शेवटची स्पर्धा मार्च २०१३ मध्ये झाली, तेव्हा ते गार्डनमध्ये होते. उपांत्य सामन्यात जादा वेळेत जॉर्जटाउनला हरवले, दुसऱ्या दिवशी लुईव्हिलकडून ७८–६१ असा मार खाल्ला. त्याचे तिकीट त्यांनी पाकिटात जपले आहे. मी विचारले, “आता सामने बघता की नाही?”

“नाही बघत.”

“नाही कसे? हा सिनेमा दर हिवाळ्यात बघतात ना,” लेक स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि त्यासाठी महिन्याच्या महिन्याला त्याच कंपनीला पैसे भरतात!”