रानकांदा ओळखावा कसा?

देवणीच्या मुलास बैल दाखवावा. सबंध पांढरा असल्यास बालंक्या, तोंडाच्या बाजू काळ्या असल्यास वानेरा, अंगभर काळे डाग असल्यास शेवरा, हें तो तात्काळ सांगतो. परंतु त्याच बैलाच्या पायाखालीं मुरमाड माळावर जें उगवतें, त्याचें नांव विचारलें असतां उत्तर बहुधा मिळत नाहीं. ही उणीव लहान आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

रानकांद्याचेंच उदाहरण घेऊं. वैद्य यास कोळकांदा म्हणतात. फाल्गुन-चैत्रांत गवत वाळून गेलेलें असतें, तेव्हां जमिनींतून एक निष्पर्ण दांडा हात-दीड हात वर येतो व त्यावर मळकट, तपकिरी छटेचीं लहान फुलें विरळ लोंबूं लागतात. या झाडाच्या नांवांतच फसगत आहे. कांदा म्हटला कीं तो खाण्याचा, अशी आपली समजूत. आणि या कांद्यांत तर हृदयाची गति बिघडविणारें विष आहे. भूमध्य समुद्राकांठच्या त्याच्या भाऊबंदाचा तांबडा प्रकार उंदीर मारण्यास वापरीत. कफावर त्याचें औषध होतें खरें, पण तें मोजक्या मात्रेंत आणि जाणत्याच्या हातून.

नुसता कंद पाहून ओळखूं जाणारा हटकून चुकतो, कारण पापुद्रे दोहोंसही असतात. रसानें कातडीची आग होते, म्हणून चुरडून वास घेणेंही बरें नव्हे. फूल पाहावें. खाण्याच्या कांद्याच्या डेंगळ्यास शेंड्यावर एकच गोंडा येतो. रानकांद्याचीं फुलें दांड्यावर अंतराअंतरानें येतात व खालचीं आधीं उमलतात. पाकळ्या सहा, पुंकेसर सहा. बीजकोश पाकळ्यांच्या वर, फुलाच्या मध्यभागीं असतो. नागदवण्याचा मात्र पाकळ्यांच्या खालीं. या खुणांवरूनच जुन्या शास्त्रज्ञांनीं रानकांद्यास लिलीच्या कुळांत घातलें. आतां तो शतावरीच्या कुळांत गणला जातो, आणि खाण्याचा कांदा नागदवण्याच्या! कुळें बदललीं, खुणा बदलल्या नाहींत.

पानें मात्र पाऊस पडल्यावर येतात, लांब व पट्टीसारखीं. तोंवर फुलांचा मागमूस नसतो. सबब चैत्रांत फूल पाहिलेला आणि श्रावणांत पान पाहिलेला, हे दोघे एकच झाड पाहूनही त्यास दोन समजतात. म्हणून वनस्पतिसंग्रहाकरितां कंद उपटून आणण्याची जी चाल आहे, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. उपटलेला कंद पुढील हंगामांत काय दाखविणार? जागेवर दगडाची खूण ठेवावी, वहींत चित्र काढावें, आणि आषाढांत पुन्हां तेथेंच जावें.

पुस्तकांचा आधार आपल्यास उशिरां मिळाला. कुक साहेबांचा १९०१ ते १९०८ मधील ग्रंथ मुंबई इलाख्यापुरता होता. हा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत. प्रा. व्ही. एन. नाईक यांनीं १९७९ सालीं उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्या वेळीं लातूर त्याच जिल्ह्यांत होतें. पुढें १९९८ सालीं त्यांचा मराठवाड्यावरील ग्रंथ निघाला. शाळेच्या ग्रंथालयांत तो असावा अशी आमची मागणी आहे.

पालकांस एक विनंति. नांगरतांना सांपडलेला कंद घरच्या कांद्यांच्या टोपलींत कदापि टाकूं नये. मुलानें तो खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी ओकारीची वाट न पाहतां त्यास दवाखान्यांत न्यावें, आणि उरलेला तुकडा पानादांड्यासह डॉक्टरांस दाखवावा.