बढतीचा सामना

फुटबॉल हा आधीच धसमुसळा खेळ. त्यातून खालच्या वर्गातील संघांचा. तेव्हा त्याकडे लक्ष ते काय द्यावयाचे, असे आमच्या वाचकांपैकी पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींस वाटेल. क्रिकेटने आमची घरे इतकी व्यापून टाकली आहेत की, दुसऱ्या खेळास ओसरीवरदेखील जागा उरलेली नाही. तथापि अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील मुले हल्ली सायंकाळी फुटबॉल खेळावयास जातात. ती ज्या शिडीच्या पायथ्याशी उभी आहेत, ती शिडी आहे तरी कशी, हे त्यांच्या आईबापांनी एकवार पाहून ठेवणे वावगे होणार नाही.

या शिडीची सर्वांत कठीण पायरी म्हणजे बढतीचा सामना. 2023 साली इंग्लंडातील दुसऱ्या वर्गाच्या लीगमध्ये पहिले दोन संघ आपोआप वर चढले आणि उरलेल्या एका जागेसाठी तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या चौघांत झुंज लावण्यात आली. लूटन हा संघ 46 सामन्यांअंती तिसरा, कॉव्हेंट्री पाचवा. दोघांमध्ये 10 गुणांचे अंतर. परंतु 27 मे रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर त्या दहा गुणांस कवडीचीही किंमत नव्हती! वर्षभर वर्गात वरचा नंबर राखणाऱ्या मुलास एकाच पेपरावर पास-नापास ठरविण्यासारखे हे झाले. लूटनचा कर्णधार खेळ सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच मैदानावर कोसळला व त्यास इस्पितळात न्यावे लागले. एक-एक अशी बरोबरी झाली, जादा वेळही सरला, आणि निकाल पेनल्टीवर आला. कॉव्हेंट्रीच्या एका खेळाडूचा चेंडू गोलाच्या आडव्या दांड्यावरून गेला व लूटनने सहा-पाच असा विजय मिळविला. हाच लूटन 2009 साली, जुन्या कारभाऱ्यांच्या पैशाच्या गैरव्यवहारापायी 30 गुण कापले जाऊन, लीगच्या बाहेर पडला होता व पाच वर्षे बाहेरच राहिला होता.

आता कॉव्हेंट्रीचे पाहा. इतके जवळ येऊन हरलेला हा संघ पुढील हंगामात आपल्या जुन्या वर्गात परतला, आणि 2024 च्या एप्रिलात इंग्लंडच्या एफ. ए. कपाच्या उपांत्य फेरीत त्याने मँचेस्टर युनायटेडशी तीन-तीन बरोबरी करून दाखविली. पेनल्टीवर तो पुन्हा हरला, हे खरे. पण हरलेल्यास परत जावयास घर होते, हे त्याहून खरे.

आमच्या मुंबईत काय घडले? 2007 साली स्थापन झालेल्या मुंबई एफ. सी. या क्लबाने पुढल्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या वर्गाच्या लीगचे विजेतेपद पटकावून वरची पायरी गाठली. नऊ हंगाम तो तेथे टिकला. 2017 साली तक्त्याच्या तळाशी राहून खाली आला, आणि लगेच क्लबच मोडला. खालची पायरी जागच्या जागी होती. तीवर उभे राहावयास कोणी उरले नाही. त्याच सुमारास अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात मुंबई सिटीचे सामने होत होते. तो संघ ज्या इंडियन सुपर लीगमध्ये खेळत होता, तीत 2014 पासूनच्या पहिल्या नऊ हंगामांत शेवटच्या क्रमांकाचे कोणासच भय नव्हते. मुंबई सिटीने पुढे 2021 व 2024 मध्ये चषक जिंकला, त्याचे श्रेय त्यास अवश्य द्यावे. परंतु एकाच शहरात एका संघास पडण्याची मुभाच नव्हती आणि दुसरा पडला तो नाहीसा झाला, ही व्यवस्था आम्हांस तरी न्यायाची वाटत नाही.

केंक्रे या मुंबईच्याच क्लबाची कथा याहून चमत्कारिक आहे. 2021 च्या ऑक्टोबरात बंगळूर येथे झालेल्या पात्रता-स्पर्धेत त्याची वरची जागा हुकली. ती राजस्थान युनायटेडने नेली. मग चेन्नई सिटी हा संघ परवान्याच्या अटींत न बसल्यामुळे एक जागा रिकामी झाली व ती केंक्रेस मिळाली. जे मैदानावर मिळाले नाही, ते कागदाने दिले. 2022-23 च्या हंगामात पंजाबचा संघ त्या लीगमध्ये अव्वल ठरून सुपर लीगमध्ये चढला. केवळ खेळाच्या जोरावर असे चढणारा तो पहिलाच. त्याच हंगामात केंक्रे खाली उतरला.

कोणी म्हणतील, एका सामन्यावर वर्षाचे भवितव्य टांगणे हा जुगार झाला. असेल, पण तो हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत होतो. बंद खोलीतील कागदांपेक्षा आम्हांस तोच पत्करेल, मात्र हरलेल्या संघाचा गाशा दुसऱ्या दिवशी गुंडाळला जाऊ नये, एवढीच अट. क्लब मोडला की पगारी खेळाडूंस कदाचित दुसरीकडे ठाव मिळतो. त्या क्लबाकडे डोळे लावून बसलेल्या पंधरा वर्षांच्या पोराने कोठे जावे?

वांद्र्यास नेव्हिल डिसूझा यांच्या नावाचे एक फुटबॉल-मैदान आहे. हे गृहस्थ मुंबईचेच. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एकट्याने तीन गोल केले, व त्या स्पर्धेत भारत चौथा आला. त्यांचे नाव घरातील मुलांस विचारून पाहावे. वेम्बलीची खडान्खडा माहिती असलेल्या कितीजणांस ते सांगता येते, याची आम्हांस उत्सुकता आहे.