गेन बघ, भाऊ!

मागच्या डिसेंबरात डोंबिवलीत मावसभावाची हळद होती. ‘डीजे आपल्या घरचाच आहे,’ असं मावशीने अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलेलं. घरचा डीजे म्हणजे अस्मादिक! सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट आणि शनिवार-रविवार हप्त्यावर घेतलेला कंट्रोलर. अनुभव फक्त बेडरूममधला. श्रोते म्हणाल तर एक सीलिंग फॅन.

मावशीची फर्माईश एकच, ‘आप जैसा कोई’. १९८० साली ‘कुर्बानी’ आला तेव्हा मावशी कॉलेजात होती. पुढचं काही ती सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही.

साडेनऊ वाजलेले. दहाला स्पीकर बंद करायचे होते. ‘झिंगाट’वर मांडव पेटलेला. मी बीट जुळवली, फेडर सरकवला आणि मावशीचं गाणं सुरू झालं. म्हणजे झालं असावं. कारण ते शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणी रेडिओ लावल्यासारखं ऐकू येत होतं. पब्लिक बटाटेवड्यांच्या दिशेने निघालं. मधोमध मावशी एकटी, पदर खोचलेला, हात अर्धे वर.

मी घाबरून मास्टर व्हॉल्यूम वर ढकलला. तो तसाच ठेवून पुढचं नवं गाणं सोडलं आणि जे काही धडाड्धूम झालं, विचारू नका! आवाज फाटला, दोन पोरं रडायला लागली. साउंडवाला दादा धावत आला, मास्टर खाली आणला आणि शांतपणे म्हणाला, ‘मास्टरला कशाला हात लावतो? गेन बघ, भाऊ.’

बॉस, दोन महिने मी नुसती बीट जुळवत बसलो होतो. आवाज जुळवायचा असतो हे डोक्यातच आलं नव्हतं.

फंडा असा आहे. जुन्या गाण्यांत हळू आणि मोठ्या आवाजात भरपूर अंतर ठेवलेलं असतं. नव्वदच्या दशकापासून मात्र आपलं गाणं शेजारच्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून सगळंच दाबून वरच्या टोकाला नेऊन ठेवायची चढाओढ लागली. २००८ मध्ये मेटालिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमचा आवाज इतका दाबलेला निघाला, की खुद्द चाहत्यांनीच बोंब मारली. त्यामुळे १९८० चं गाणं आणि २०१६ चं ‘झिंगाट’ एकामागोमाग लावलं, की मावशीचा बळी जाणारच.

यावर उपाय म्हणजे गेनचं बटण. काही मिक्सरवर त्याला ट्रिम म्हणतात. प्रत्येक चॅनलच्या अगदी वर असतं आणि नवशिक्यांना शेवटी दिसतं. पुढचं गाणं आधी हेडफोनवर घ्या. सुरुवात ऐकून गेन लावू नका, ती बहुधा हळूच असते. सगळी वाद्यं एकत्र वाजतात तो भाग शोधा. तिथे मीटर हिरवा भरून पिवळ्याला टेकला पाहिजे. लाल नाही म्हणजे नाही! सिग्नलची शेंडी छाटली जाते आणि आवाज फाटतो तो तिथेच. गेन ६ डेसिबलने वाढवला की सिग्नल दुप्पट होतो, पण कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणून ‘अजून थोडं, अजून थोडं’ करता करता आपण लाल दिव्यात कधी पोचतो ते कळतही नाही.

आता खरी गोम. बहुतेक मीटर आवाजाची शिखरं दाखवतात. कानाला किती मोठं वाटतंय, ते नाही. जुन्या गाण्यात एखादा ठोका पिवळ्याला टेकतो आणि बाकीचं गाणं खालीच राहतं. मीटर सारखे दिसले तरी कान म्हणतो, हे हळूच आहे. त्याला वर ओढायला जावं, तर लाल दिवा. मग काय करायचं? जोरात वाजणाऱ्या नव्याला थोडं खाली आणायचं. हेडफोनचा व्हॉल्यूम न हलवता आळीपाळीने दोन्ही गाणी ऐका, फरक कळतो. सॉफ्टवेअरमध्ये ऑटो गेन असतो, तो चालू ठेवा, पण शेवटचा शब्द कानाचा. आणि दोन्ही गाण्यांचा बेस एकाच वेळी पूर्ण उघडा ठेवू नका. दोघांची बेरीज होते आणि आवाज पुन्हा लालमध्ये.

हे सगळं मी पुढच्या आठवड्यात, लग्नानंतरच्या सत्यनारायणाच्या संध्याकाळी करून पाहिलं. छोटा हॉल, घरचीच मंडळी. या वेळी ‘झिंगाट’ सुरू करतानाच दोन खाचा खाली घेतलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग मावशीचं गाणं. ते आलं, आणि कुणीच वड्यांकडे गेलं नाही. मावशी नाचली, काका नाचले. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

निघताना मावशी म्हणाली, ‘त्या दिवशी हळदीला स्पीकरच खराब होता, नाही का रे?’

मी म्हटलं, ‘हो ना मावशी. साउंडवाल्याला सांगितलंय मी.’

दादा, माफ कर. पुढच्या वेळी चहा माझ्याकडून.