यादीत नाव लागले. आता जायचे कसे?

दहावीचा निकाल लागला की घरात पेढे येतात. शेजारीपाजारी ‘किती टक्के?’ असे विचारून जातात. दोन-चार दिवसांत पेढे संपतात आणि घरातल्या घरात दुसरा प्रश्न सुरू होतो : ‘आता कुठे घालायचे?’ त्याच्याच पाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो. तो चारचौघांत कुणी विचारत नाही. रात्री जेवणे उरकल्यावर आई-वडील दबक्या आवाजात तो एकमेकांना विचारतात : ‘जाण्यायेण्याचे कसे करायचे?’

पहिल्या दोन प्रश्नांवर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरतात. तिसऱ्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पण सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मुलाचे, आणि त्याहूनही अधिक मुलीचे पुढचे शिक्षण या तिसऱ्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. टक्के चांगले असतात, कॉलेजात जागाही असते. नसते ती फक्त सकाळची बस.

२०२५ साली हा प्रश्न एकदम ऐरणीवर आला. तोवर अकरावीचे ऑनलाइन प्रवेश म्हणजे मोठ्या शहरांचे प्रकरण होते. मुंबईत ते २००९ पासून सुरू होते, पुढे पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत गेले. आपल्याकडे मात्र कॉलेजात जायचे, फॉर्म घ्यायचा, फळ्यावर लागलेली यादी बघायची, अशी रीत होती. २०२५-२६ या वर्षापासून शासनाने सबंध राज्याला एकच ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया लागू केली. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतची सारी मुले एकाच रांगेत आली.

त्या वर्षी १३ मे रोजी निकाल लागला. राज्यात ९४.१० टक्के मुले उत्तीर्ण झाली. २१ मे रोजी अर्ज भरायला सुरुवात व्हायची होती, तर पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. २६ मेपासून ते पुन्हा सुरू झाले. पहिली गुणवत्ता यादी लागायला जूनची अखेर उजाडली. तोवर पालकांचा मुक्काम गावातल्या नेट कॅफेत आणि महा ई-सेवा केंद्रात. शेतीची कामे तोंडावर आलेली आणि बापाचा जीव मोबाइलवर येणाऱ्या मेसेजमध्ये अडकलेला, असे चित्र घरोघर होते.

पहिल्या पसंतीचा पेच

या पद्धतीत न्याय नाही असे कुणी म्हणणार नाही. ओळखीपाळखी, शिफारशी, कुणाची चिठ्ठी हे प्रकार तिने बरेच कमी केले. घरबसल्या दहा कॉलेजांची नावे पसंतीक्रमाने देता येऊ लागली. राज्यभरातल्या जागा तर वीस लाखांहून अधिक, म्हणजे अर्ज करणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. मग चिंता कशाची?

चिंता आहे ती नियमातल्या एका कलमाची. २०२५ च्या नियमानुसार पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, तर तिथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मुलगा बाद. मग सर्वांसाठी खुल्या असणाऱ्या फेरीपर्यंत थांबायचे आणि उरल्यासुरल्या जागांतून निवडायचे. नियम करणाऱ्यांचा हेतू समजण्यासारखा आहे, कारण मुलांनी जागा अडवून ठेवू नयेत हे योग्यच. पण हा नियम एक गोष्ट गृहीत धरतो. ज्याने पहिली पसंती दिली, त्याने तिथे रोज जाण्यायेण्याचा विचार आधीच केलेला आहे, असे तो मानतो.

वस्तुतः तो विचार होत नाही. अर्ज भरताना समोरच्या पडद्यावर कॉलेजचे नाव दिसते, शाखा, अनुदानित की विनाअनुदानित आणि जागा किती हेही कळते. आपल्या गावाहून तिथे पहिली एसटी किती वाजता पोचते, हे मात्र तिथे दिसत नाही. मुलगा नावाजलेल्या कॉलेजचे नाव पहिले टाकतो, कारण मित्रानेही तेच टाकलेले असते. यादीत नाव लागते आणि आनंद होतो. मग हिशेब सुरू होतो.

पास स्टँडपर्यंत, पुढे रिक्षा

हा हिशेब एकदा मांडूनच पाहू. एसटी विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत देते. मुलाला साधारण एकतृतीयांशच पैसे भरावे लागतात. ग्रामीण भागातल्या मुलींना तर अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने असलेल्या योजनेतून बारावीपर्यंत पास मोफत आहे. २०२५ च्या जूनमध्ये पास थेट शाळा-कॉलेजात नेऊन देण्याचा उपक्रमही महामंडळाने हाती घेतला. या सवलती कमी मोलाच्या नाहीत. त्या नसत्या, तर आज कॉलेजात दिसणाऱ्या किती मुली घरी बसल्या असत्या, याचा विचारच केलेला बरा.

पण सवलत ही तिकिटावर असते आणि तिकीट वाढले की पासही वाढतो. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. ज्या घरात दोन मुलगे पास काढतात, तिथे ही वाढ जाणवतेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एसटीचा पास सोलापूरच्या स्टँडपर्यंत आणून सोडतो. संगमेश्वर कॉलेज सात रस्त्याला आहे, वालचंद अशोक चौकात. स्टँडवरून तिथे जायचे ते कशाने? ज्या शहरात सिटी बस भरवशाची असते, तिथे याचे उत्तर सोपे असते. सोलापूर महापालिकेच्या परिवहन सेवेची अवस्था आपण सारे जाणतो. केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतून शहराला नव्या बसगाड्या मिळाल्या, तेव्हा केवढी आशा वाटली होती! त्यांतल्या अनेक गाड्यांच्या चेसीला तडे गेले आणि त्या आगारातच उभ्या राहिल्या. उरला तो शेअर रिक्षाचा आधार. समजा, जाताना २० आणि येताना २० रुपये धरले, तरी महिन्याच्या २५ दिवसांचे १,००० रुपये होतात. दहा महिन्यांचे १० हजार, दोन वर्षांचे २० हजार. अनुदानित कॉलेजच्या फीपेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी आहे. म्हणजे शिक्षण स्वस्त आणि शिक्षणापर्यंतची वाट महाग, असा हा उफराटा प्रकार आहे.

हा प्रश्न केवळ खेड्यांचा आहे असेही समजू नये. शहराच्या पूर्व भागातल्या विडी आणि यंत्रमाग कामगारांना कुंभारीच्या बाजूला हक्काची घरे मिळाली. आधी गोदूताई परुळेकर वसाहत झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरमधल्या १५ हजारांवर घरांचा ताबा देण्याचा कार्यक्रम झाला. हजार विड्या वळल्यावर हाती मजुरी घेणाऱ्या बाईच्या नावावर पक्के घर झाले, ही लहान गोष्ट नाही. मात्र पेठेतली खोली सोडून घर गावाबाहेर गेले, तसे अशोक चौकातले कॉलेजही लांब गेले. पूर्वी पायी जाणाऱ्या मुलीला आता रोज भाडे लागते. घरकुलाचा आराखडा करताना पाण्याची टाकी मोजली जाते, तशी कॉलेजची बसही मोजायला हवी.

बस चुकली तर

मुलाची बस चुकली तर तो वडापात लोंबकळतो, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसतो. हे धोक्याचे असले तरी त्याचे निभावते. मुलीचे तसे नाही. तिचा पास मोफत असला, तरी संध्याकाळची गाडी रद्द झाली आणि अंधार पडल्यावर ती घरी पोचली, की दुसऱ्या दिवशी घरात चर्चा होते. असे चार-सहा वेळा घडले, की ‘राहू दे आता कॉलेज’ हे वाक्य उच्चारले जाते. ते उच्चारणारा बाप दुष्ट नसतो, घाबरलेला असतो.

या वाक्याच्या पुढे काय होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले आढळले. ज्या जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक होते, त्यांत आपला सोलापूर जिल्हाही होता. कॉलेज सुटले की स्थळे येऊ लागतात. एका रद्द झालेल्या बसची किंमत एवढी मोठी असू शकते. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप काही महिने लांबला, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींनी हे अनुभवले आहे.

कायदाही इथे पाठीशी उभा राहत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा घरापासून किती अंतरावर असावी याचा विचार केला, पण त्या कायद्याची मर्यादा आठवीपर्यंतच. म्हणजे मूल जसजसे वर जाते, तसतसे कॉलेज लांब जाते आणि कायद्याचे संरक्षण मात्र मागे राहते.

वाट आधीही काढली होती

अंतराचा प्रश्न नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, ते याच प्रश्नाचे उत्तर होते. आजही अनुसूचित जातींच्या मुलांना वसतिगृहात जागा न मिळाल्यास अकरावीपासून ‘स्वाधार’ योजनेची मदत आहे. पात्र असूनही ती न मागणारे पालक पुष्कळ असतात. त्यांनी समाजकल्याण कार्यालयात जरूर चौकशी करावी.

दुसरे उत्तर बिहारने दिले. तिथे २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना निघाली. सुरुवातीला अनेकांनी तिची थट्टा केली. पुढे अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण तिच्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. शाळा ज्या गावांपासून तीन किलोमीटरहून लांब होती, तिथे फायदा जास्त झाला. मुली शिकायला तयार होत्याच, फक्त अंतर आड येत होते.

आपल्याकडे काय करता येईल? मोठ्या खर्चाच्या गोष्टी बाजूला ठेवू. अर्जाच्या पडद्यावर प्रत्येक कॉलेजपुढे भरण्या-सुटण्याची वेळ छापता येईल. प्रवेश पूर्ण झाले की कोणत्या गावाहून किती मुले कुठे जाणार, याची यादी शासनाकडे तयारच असते. ती आगारप्रमुखाच्या हाती दिली, तर गाड्यांच्या वेळा जुलैतच जुळवता येतील. स्टँडवरून कॉलेजांकडे सकाळी आणि दुपारी चार-दोन सिटी बस सोडणे महापालिकेला अशक्य नाही. यासाठी हवे ते दोन खात्यांनी एका टेबलावर बसणे.

आणि पालकांनी? पसंतीक्रम भरण्यापूर्वी एक दिवस मोडावा. मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन सकाळच्या एसटीने त्या कॉलेजपर्यंत जावे, संध्याकाळच्या गाडीने परत यावे. किती वेळ गेला, किती पैसे गेले, गाडीत उभे राहायला जागा होती का, हे पाहावे. मग घरी येऊन दहा नावांचा क्रम लावावा. तालुक्याच्या गावातले साधे कॉलेज रोज हजेरी लावून शिकणाऱ्या मुलीला, आठवड्यातून दोनच दिवस गाठता येणाऱ्या मोठ्या कॉलेजपेक्षा कधीही अधिक देते. त्यात कमीपणा काहीच नाही.

मात्र लांबचेच कॉलेज तिच्या आवडीचे असेल आणि तिथे जाण्याची तिची हिंमत असेल, तर पैशाचा हिशेब तिच्यापासून लपवू नये आणि तो तिच्यावर लादूही नये. गावातल्या चार मुली एकत्र जाणार असतील, तर चार घरांनी मिळून ती सोय उभी करावी, गाडी रद्द झाली तर मिळून आगारात जाऊन जाब विचारावा. एकट्या बापाचे आगारात कुणी ऐकत नाही, चार बाप गेले की साहेब खुर्ची देतात.

दहावीत मुलीने तिच्या वाट्याचे काम केलेले असते. तिचे नाव यादीत आहे. ती सकाळी दप्तर घेऊन गावच्या फाट्यावर उभी राहील, तेव्हा गाडी वेळेवर यावी, एवढे काम आपल्या वाट्याचे आहे.